रिकामी पोती

भट्टीच्या कठड्यावर रिकामी पोती टाकायची, हा नियम थोरल्याचा. साहेबांनी काढलेला नव्हे, कुठे पाटीवर लिहिलेलाही नव्हे, तरी तो मोडायची कारखान्यात कुणाची छाती नव्हती. कार्बनचं पोतं फोडून भट्टीत रिकामं केलं, की ते झटकून कठड्यावर आडवं टाकायचं आणि भट्टी उतरेपर्यंत तिथून हलवायचं नाही. एकदा झाडणाऱ्या बाईंनी स्वच्छतेच्या भरात ती गोळा केली. थोरल्याने त्यांना असं फैलावर घेतलं, की पुढे भट्टीच्या बाजूला येताना त्या लांबूनच विचारायच्या, "येऊ का? की पोत्यांचा मुक्काम आहे अजून?"

थोरला म्हणजे त्या भट्टीचा मुख्य माणूस. त्याच्या जोडीला काम करणारा धाकटा हा त्याचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, थोरली आणि धाकटी, आणि त्यांच्यामुळे हे दोघे थोरला आणि धाकटा. आधी थोरल्याने साडूला कारखान्यात चिकटवलं, की आधी धाकटा कारखान्यात लागला आणि मग थोरल्याने त्याच्या गळ्यात मेहुणी बांधली, यावर दोन्ही घरांत अजून एकमत नाही. थोरला म्हणायचा, "आमचे सासरे पक्के. दोन्ही जावई एकाच भट्टीला बांधले. एक पळाला तर दुसरा धरून आणेल." कारखान्यात तिला सगळे साडूंची भट्टी म्हणत, आणि तिथे काही बिघडलं की म्हणत, "सासुरवाडीला कळवा."

थोरल्याला भुवया नव्हत्या. वर्षानुवर्षं भट्टीत वाकून बघायचं, तर त्या टिकणार कशा? सुट्टीत चार केस उगवत आणि कामावर आल्यावर जळून जात. त्यामुळे त्याचा चेहरा कायम कशाचं तरी नवल वाटल्यासारखा दिसे. खरं तर त्याला कशाचंही नवल वाटत नसे, राग मात्र येई. भंगाराच्या ढिगात तोंड बंद असलेली एखादी नळी दिसली की तो सबंध आवाराला ऐकू जाईल असा ओरडे. आत पाणी किंवा तेल अडकलेलं असलं तर ती भट्टीत जाऊन फुटते, आणि फुटली की कढत लोखंड माणसांवर येतं. "हिला आधी मधोमध कापा," तो म्हणे, "आणि ज्याने गाडीत भरली त्यालाही." पण ज्याच्यावर ओरडला त्यालाच तो तासाभरात बोलावून स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजायचा. त्याचा राग असाच होता, लवकर तापणारा आणि लवकर ओतून मोकळा होणारा.

पोत्यांचा नियम का, हे कळायला थोडं मागे जायला हवं. पूर्वी या कारखान्यात खाणीकडच्या लोखंडाच्या विटा येत. त्या वितळवल्या की बीड, म्हणजे ओतकामाचं लोखंड, तयार. त्या विटांच्या पोटातच कार्बन असायचा, भट्टीवाल्याने फक्त आच सांभाळायची. मग विटा महाग झाल्या, गिऱ्हाइकांना बीडही अधिक मजबूत हवं झालं, आणि कारखाना पोलादाच्या भंगारावर आला. पत्रा कापून उरलेल्या पट्ट्या, वॉशर पाडताना गळालेल्या टिकल्या, मोडक्या गाड्या दाबून केलेले गठ्ठे. मजबूत बीड करायला हे उत्तमच, कारण त्यात काय आणि किती हे सगळं आपल्या हातात राहतं. पण सगळं आपल्या हातात, म्हणजे चूकही आपल्याच हातात. पोलादाच्या पोटात बीड होण्यासारखं जवळजवळ काही नसतं. कार्बन आपण घालायचा, सिलिकॉन आपण घालायचं, वेळेवर घालायचं आणि एकदाच घालायचं.

त्यात कार्बन सगळ्यांत आधी. काळे, चमकदार, हाताला निसरडे दाणे. ते भट्टीच्या तळाशी, पोलादाच्या खाली जायला हवेत, म्हणजे लोखंड वितळता वितळता त्यांना पिऊन टाकतं. एकदा प्यायलं की बघून काही कळत नाही. घातला की राहिला, एकदा गेला की दोनदा, वरून सगळं सारखंच लाल. राहिला तर भट्टीत नुसतं पोलाद. दोनदा गेला तर बीड मऊ पडतं आणि भार आला की दगा देतं. आणि हे लोक ओतत काय होते, तर उंच इमारतींत लिफ्टचे दोर ज्यांच्यावरून फिरतात ती चाकं.

"वितळलेल्या लोखंडाला विचारता येत नाही, बाबा रे, तुझं जेवण झालं का," थोरला म्हणायचा. "पोत्याला विचारता येतं." म्हणून कठडा. कठड्यावर पोती दिसली म्हणजे कार्बन गेला. दिसली नाहीत म्हणजे जायचा आहे. भट्टी उतरली, सगळं लोखंड साच्यांत गेलं, की पोती उचलून कठडा मोकळा करायचा. हे काम धाकट्याचं. आणि थोरला दर वेळी न चुकता विचारायचा, "साडू, पोती उचललीस ना?"

धाकट्याच्या डोक्यात जायचं ते. "उचलली हो, साडूभाऊ. इतकी वर्षं उचलतोय. मेल्यावर तिरडीवरून उठून उचलीन."

"उठशील तेव्हा उठशील. आज उचललीस का ते सांग."

असा हा माणूस. त्याच्या विसरण्याची सुरुवात कुठून झाली हे नेमकं कुणालाच सांगता आलं नाही. वस्तू तर सगळेच शोधतात. भट्टीत बघायची निळी काच टोपीवर चढवून तीच काच सबंध कारखान्यात शोधणं, हे प्रत्येक भट्टीवाल्याने एकदा तरी केलेलं असतं. धाकट्याला पहिल्यांदा खटकलं ते पाचरीच्या वेळी. ओतायच्या आधी पळीभर लोखंड घेऊन त्याची बोटभर साच्यात छोटी पाचर ओततात, पाण्यात बुडवतात आणि हातोड्याने मोडतात. मोडलेल्या जागी कडेला पांढरं किती आणि आत राखाडी किती, यावरून बीड कसं उतरणार ते कळतं. त्या दिवशी थोरल्याने पाचर मोडली, उजेडात धरली, मान डोलावली, खिशात टाकली. आणि लगेच दुसरी पाचर ओतायला घेतली. पहिली मोडलीच नव्हती अशा थाटात.

"साडूभाऊ, बघितलीत की आत्ता."

थोरला थांबला. खिसा चाचपला. खिसा गरम होता. "दोनदा बघितलं तर तुझं काय जातं?" तो खेकसला. पण त्याचा हात खिशावरच राहिला.

मग ते वाढत गेलं. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली होती, तरी थोरल्याने एकदा विचारलं, त्यांचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे. एकदा वीज वाढवायच्या खटक्यासमोर उभा राहून तो नुसता आपल्या हाताकडे बघत राहिला, जसा हातच काहीतरी सांगेल. धाकटा मूळचा अबोल. पण त्या दिवसांत त्याला वाचा फुटली. भट्टीवर जे जे होई ते तो मोठ्याने म्हणू लागला. "चला, कार्बन गेला. आता पट्ट्या. आता गठ्ठे. सिलिकॉन पडलं." थोरला वैतागला. "रेडिओ बंद कर की जरा." धाकट्याने बंद केला नाही. क्रेनवाल्याने टिंगल केली, साडू म्हातारपणी बडबडा झाला म्हणून, तीही त्याने ऐकून घेतली. आणि मग एक दिवस थोरला त्याच्याकडे न बघता हळूच म्हणाला, "जरा मोठ्याने बोलत जा. पंखा फार वाजतो." त्या विषयावर दोघांत झालेलं बोलणं एवढंच. धाकट्याने तेव्हाच मोठ्याने सांगितलं, "मळ काढून झालाय. आता पाचर."

थोरलीने धाकट्याला जिन्यात गाठलं. दोन्ही घरं एकाच इमारतीत, एक जिना वर, एक खाली, त्यामुळे गुपितं बोलायची जागा म्हणजे मधला कठडा. ती डॉक्टरकडे जाऊन आली होती. मेंदू आकसतोय म्हणाले. औषध आहे, पण ते उतार थोडा संथ करतं, चढ परत देत नाही.

"सुट्टीच्या दिवशी मला विचारतात, घरी कधी जायचं," ती म्हणाली. "घरातच बसून, भाऊजी. आपल्याच पलंगावर. आणि कामाच्या दिवशी बघा, अंघोळ करून तयार, बूट घालून दारात. डॉक्टर म्हणाले, हाताला सवयीचं काम आहे तोवर राहू द्या. ते सुटलं की सगळं झपाट्याने जाईल." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "तुम्ही आहात ना तिथे?"

"आहे, ताई," धाकटा म्हणाला. बोलायला किती सोपं होतं ते.

घरात धाकटी वाट बघत होती. जिन्यातलं सगळं तिला ऐकू येतं. "माझीच बहीण आहे," ती म्हणाली, "मला काय वाटत नाही का? पण त्या चाकांच्या खाली माणसं लटकतात, त्याचं काय?"

"मी आहे ना."

"तुम्ही आहात. आणि तुमचं लक्ष नसलं तर?"

अडचणीत सापडला की धाकटा बूट पुसायला बसे. त्या दिवशीही बसला.

तेव्हापासून त्याने रजा घेतली नाही. ताप अंगावर काढला, पुतण्याच्या लग्नाला गेला नाही, दाढ दुखत असताना गालाला फडकं बांधून भट्टीवर उभा राहिला. डोळ्यांत तेल घालून तो दोन माणसांचं काम बघू लागला, आणि जिथे थोरल्याचा हात चुके तिथे स्वतःचं नाव पुढे करू लागला. एकदा सिलिकॉन आधीच पडलं आणि कार्बन नीट मुरला नाही. "माझं चुकलं, साहेब, घाई झाली." एकदा लॅडलमध्ये, लोखंड ओतायच्या मोठ्या भांड्यात, शेवटचे बारीक दाणे टाकल्यावर थोरला कुणाशी तरी बोलत उभा राहिला. त्या दाण्यांनी बिडाला घट्ट वीण येते, पण त्यांचा असर काही मिनिटांतच उतरतो. तेवढ्यात ओतलं नाही तर टाकले काय आणि न टाकले काय. ती चाकं तपासणीत नापास झाली. "माझ्यामुळे उशीर झाला, साहेब. माझं चुकलं."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने धाकट्यालाच विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

पण कारखाना काही आंधळा नसतो. क्रेनवाला वरून सगळं बघत होता. साचे बांधणारे खालून बघत होते. हळूहळू सगळ्यांना कळलं, की धाकटा म्हणतो 'माझं चुकलं' तेव्हा चुकलेलं असतं थोरल्याचं. कुणी बोललं नाही. सगळ्यांना ठाऊक आणि कुणाच्याच तोंडी नाही, अशा गोष्टी कारखान्यात फार दिवस चालतात. उलट लोकांना धाकट्याचं कौतुकच वाटू लागलं. झाडणाऱ्या बाई म्हणाल्या, "साडू असावा तर असा." ते कौतुक एक दिवस आपल्या गळ्याशी येणार आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळावं?

तो दिवस चांगला उजाडला होता, हेच वाईट झालं. एकापाठोपाठ एक दोन भट्ट्या काढायच्या होत्या, चाकांची मोठी मागणी होती. पहिली भट्टी मनासारखी उतरली. पाचर अशी स्वच्छ मोडली की थोरल्याने ती सगळ्यांना दाखवली. डोळे लखलखीत, बोलणं जागेवर. मध्ये चहा घेताना त्याने धाकट्याच्या लग्नातली गोष्ट काढली. नवरदेवाचे बूट मेहुण्यांनी लपवले होते आणि सापडेनात, म्हणून थोरल्याने स्वतःचे काढून दिले, दोन नंबर मोठे. नवरदेव सबंध लग्नभर बदकासारखा चालला. धाकटा पोट धरून हसला. कितीतरी दिवसांनी त्याला वाटलं, की खांद्यावरचं ओझं कुणीतरी क्षणभर उचललंय. मग भट्टीच्या चौथऱ्याखालून हाक आली, लॅडलच्या तोंडावर लोखंड थिजलंय, ते फोडायला या. धाकटा हसतच खाली गेला. तिथून भंगाराच्या ढिगाकडे गेला, कारण एका गठ्ठ्यात बंद नळी दिसत होती.

त्या दिवशी थोरल्याने विचारलं नाही, साडू, पोती उचललीस ना. आणि धाकट्याने ती उचलली नव्हती.

तो परत वर आला तेव्हा थोरल्याने दुसरी भट्टी अर्धी भरत आणली होती. धाकट्याने सवयीने कठड्याकडे बघितलं. पोती होती. "कार्बन गेला," तो मोठ्याने म्हणाला. थोरल्याने मान डोलावली. त्यानेही भरायच्या आधी कठड्याकडेच बघितलं होतं.

लोखंड नेहमीसारखं वितळेना. गठ्ठे एकमेकांना चिकटून बसले, आत दबता दबेनात. वर ठिणग्या जास्त उडत होत्या. थोरल्याने दोनदा लांब सळई घालून ढोसलं आणि मागे सरला. "साडू, हे काहीतरी वेगळं आहे रे. हे जड उकळतंय."

"काही नाही, साडूभाऊ. विजेचा दाब कमी असेल." धाकट्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला, लहान मुलाची समजूत काढताना ठेवतात तसा. "सगळं बरोबर आहे. मी आहे ना."

थोरल्याने सळई खाली ठेवली. स्वतःवर विश्वास ठेवायचं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं.

पाचर ओतली. पाण्यात बुडवली. थोरल्याने ऐरणीवर ठेवून हातोडा मारला. मोडली नाही. पुन्हा मारला. पाचर वाकली. बीड कधी वाकत नाही. बीड तुटतं. साचेवाले हातातलं काम सोडून बघू लागले. मागणी मोठी म्हणून त्या दिवशी साहेबही खाली उतरलेला होता, तो जवळ आला आणि वाकलेली पाचर बघत राहिला. कुणीतरी घाईने गोदामातून कार्बन आणून वरून टाकून पाहिला. निम्मा मळावर तरंगून जळून गेला. इतक्या आचेने भट्टीचं अस्तर आतून खाल्लं गेलं होतं, आणि त्याच्या धोक्याची लाल बत्ती लागली. मग दुसरा इलाज नव्हता. सगळी भट्टी खालच्या वाळूच्या खड्ड्यात ओतून टाकावी लागली. धड पोलाद नाही, धड बीड नाही, असा भलामोठा गोळा तिथे काळा पडत गेला.

तेव्हा धाकट्याने कोपऱ्यात बघितलं. दुसऱ्या भट्टीसाठी आणून ठेवलेली कार्बनची पोती तशीच भरलेली उभी होती, तोंडाच्या शिवणीसकट. आणि कठड्यावरची? ती पहिल्या भट्टीची.

साहेबाने दोघांकडे बघितलं. थोरल्याने टोपी काढली. बिनभुवयांचा तो चेहरा घामाने भिजला होता. "माझ्याकडून राहिलं असणार," तो म्हणाला. "अलीकडे राहतं माझ्याकडून."

"नाही, साहेब!" धाकटा पुढे झाला. "पहिल्या भट्टीची पोती मी उचलली नाहीत. ते माझं काम. ती बघून यांना वाटलं कार्बन गेला. कुणालाही वाटलं असतं. मला स्वतःला वाटलं. मी वर आल्यावर तोंडाने म्हणालो तसं. माझं चुकलं."

क्रेनवाल्याने मान फिरवली. झाडणाऱ्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. साहेबाने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे झालं आता," तो फार मायेने म्हणाला. "किती दिवस पांघरूण घालणार तुम्ही? आम्हाला काय कळत नव्हतं? पण ही लिफ्टची चाकं आहेत."

"साहेब, या वेळी खरंच मी..."

"कळतं मला."

धाकट्याने शपथ घेतली. पोती हातात धरून दाखवली. कोपऱ्यातली भरलेली पोती दाखवली, पण त्यातून कार्बन राहिला एवढंच दिसत होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊकच होतं. क्रेनवाल्याला विचारा म्हणाला, तो वरून बघत होता. क्रेनवाला म्हणाला, माझं लक्ष लॅडलकडे होतं. धाकटा जितका जीव तोडून सांगू लागला, तितकी लोकांची खात्री पटत गेली. शेवटी तो ओरडला. ओरडल्यावर त्याला धरून बाकड्यावर बसवलं आणि पाणी दिलं. थोरल्यानेच दिलं. "बस रे," तो म्हणाला. "माझ्यासाठी किती भांडशील?"

थोरल्याला घरी पाठवलं ते मानाने. सगळे फाटकापर्यंत सोडायला आले. कुणी एक वाकडा शब्द काढला नाही, त्यामुळे भांडायलाही जागा राहिली नाही. आणि धाकट्याला सर्वांत जास्त खात होतं ते हे, की त्याला घरी पाठवणं चूक तरी कसं म्हणायचं? आज नाही तर उद्या, खरोखरच थोरल्याच्या हातून ते झालंच असतं. ज्या दिवशी झालं नव्हतं त्या दिवसासाठी त्याला काढलं, एवढंच.

जिन्यात थोरली म्हणाली, "भाऊजी, तुम्ही खूप केलंत. तुमचे उपकार आहेत." धाकट्याने तिलाही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि त्याच्यापुढे हात जोडले. घरात धाकटीने मात्र त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"अहो, खरंच तुम्ही विसरलात?"

"खरंच."

"मला पटतं," ती म्हणाली. "पण आता कुणाला पटवून देणार? आणि पटलं तरी काय होणार आहे?"

डॉक्टर बोलले होते तसंच झालं. भट्टी सुटली आणि थोरला झपाट्याने उतरू लागला. आधी तो सकाळी बूट घालून दारात उभा राही. थोरली म्हणे, आज सुट्टी आहे. रोज सुट्टी कशी, हे विचारण्याइतकं भान होतं तोवर तो चिडे. मग तेही गेलं. लेकीचं नाव गेलं. जिना कोणता वरचा आणि कोणता खालचा, ते गेलं. राहिला तो कठडा. घराच्या गॅलरीला लोखंडी कठडा होता, त्यावर थोरला रिकाम्या पिशव्या टांगू लागला. दुधाची पिशवी, पावाचा कागद, गोळ्यांचं पाकीट, जे काही रिकामं झालं ते झटकून कठड्यावर आडवं. थोरलीने सुरुवातीला काढून टाकलं, तर घर डोक्यावर घेतलं त्याने. मग तिने नाद सोडला. शेजारीपाजारी आधी विचारायचे, मग विचारेनासे झाले.

धाकटा कामावरून सुटला की आधी वरच्या घरी जायचा, मग आपल्या. साडूभाऊच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचा. कोण आलंय हे थोरल्याला कधी कळे, कधी कळत नसे. पण एक प्रश्न मात्र येई, कधी आल्या आल्या, कधी चहा पिता पिता. ज्या दिवशी यायला हवा होता तेवढा एक दिवस सोडून, तो आता रोज येत होता.

"साडू, पोती उचललीस ना?"

"उचलली," धाकटा म्हणायचा. आणि घास गिळल्यासारखा गप्प बसायचा.

एका संध्याकाळी त्याला ते गिळवेना. थोरली स्वयंपाकघरात होती. धाकट्याने खुर्ची पुढे ओढली आणि थोरल्याचे दोन्ही हात हातात घेतले. तळव्यांवरचे घट्टे मऊ पडायला लागले होते.

"नाही उचलली, साडूभाऊ," तो म्हणाला. "त्या दिवशी मी विसरलो. तुम्ही नाही, मी. तुम्हाला तर कळलं होतं, जड उकळतंय म्हणालात तुम्ही. मीच तुम्हाला गप्प केलं. तुमची काही चूक नव्हती हो." आणि इतक्या दिवसांत जे कुणासमोर आलं नव्हतं ते रडू त्याला आलं.

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. भुवया परत उगवल्या होत्या, पांढऱ्या, आणि त्यामुळे चेहऱ्यावरचं ते जुनं नवल गेलं होतं. नुसता एक दमलेला म्हातारा दिसत होता. मग तो हसला. अगदी पूर्वीसारखा, मांडीवर थाप मारून.

"तू? तू कसला विसरतोस!" तो म्हणाला. "मला वाचवायला बघतोस होय रे? घरचा माणूस म्हणून?" त्याने वाकून धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "भला आहेस. पण खोटं बोलणं तुला जमत नाही, साडू."

थोरल्याची नजर हळूहळू गॅलरीकडे गेली. कपाळाला आठी पडली. त्याने धाकट्याच्या गुडघ्यावर बोटाने टोचलं.

"पोती उचललीस ना?"

धाकटा उठला. कठड्यावरच्या पिशव्या त्याने एकेक करून काढल्या, झटकल्या, घडी घालून काखेत धरल्या. एकही राहिली नाही ना, हे कठड्यावरून हात फिरवून बघितलं.

"उचलली, साडूभाऊ."

"मग भर पुढची," थोरला म्हणाला, आणि निवांत डोळे मिटून मागे टेकला.